दुष्काळात पुरवणारा देव : पंडिता रमाबाईंचे चरित्र

पाऊस ओढ देऊ लागला, विहिरींनी तळ गाठला आणि बाजारात धान्याचे भाव चढले, म्हणजे माणसाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हा देवाचा न्याय आहे काय, हा एक. आणि अशा दिवसांत देव आपल्या लेकरांना पुरवील काय, हा दुसरा. पवित्र शास्त्राच्या वाचकाला हे प्रश्न नवे नाहीत. अहाब राजाच्या काळी देशावर अवर्षण येणार असे एलीयाने सांगितले, आणि ते अवर्षण एलीयाच्याही वाट्याला आले. देवाने त्याला करीथ ओहोळाजवळ बसवले, कावळ्यांकरवी अन्न दिले. पण काही दिवसांनी तो ओहोळही आटला. देवाच्या सेवकासाठी निराळा पाऊस पडला नाही. मग त्याची रवानगी झाली ती सारफथच्या एका विधवेकडे, जिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल एवढेच उरले होते. एलीया जगला, ती विधवा जगली, तिचा मुलगाही जगला. पण तिघेही जगले ते दुष्काळातच राहून.

या कथेचा अर्थ आपल्या आयुष्याने उलगडून दाखवणारी एक विधवा आपल्याच भाषेत होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांतून लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, विलायत आणि अमेरिकेचा प्रवास, स्त्रियांसाठी काढलेल्या संस्था, हे सारे आपण अनेकदा ऐकले आहे. या लेखात आम्ही त्यांचे चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. रमाबाईंच्या आयुष्यात तीन मोठे दुष्काळ आले. ते तीन एकापुढे एक ठेवले म्हणजे देवाच्या पुरवठ्यावर विश्वास ठेवणे माणूस कसा शिकतो, आणि त्या शिकण्याची किंमत काय असते, ते कळून येते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असे लोक म्हणत त्या काळी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती विद्या दिली; आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ती आपल्या मुलीला दिली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. त्यानंतर त्यांना कायमचे घर असे राहिले नाही. देवळांत, घाटांवर पुराणे सांगावीत, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. लहानग्या रमेला पुष्कळसे ग्रंथ आईच्या तोंडून ऐकूनच पाठ झाले.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. अनंतशास्त्री तोवर म्हातारे झाले होते आणि त्यांची दृष्टीही गेली होती. लोकांनाच खायला नव्हते, तेथे पुराण कोण ऐकणार आणि दक्षिणा कोण देणार? जवळचे किडूकमिडूक, दागिने, भांडीकुंडी विकून झाली. भीक मागणे कुळाला शोभेना, आणि पोथीपुराणांखेरीज दुसरे काम कोणाला येत नव्हते. व्रते केली, जपतप केले, होते नव्हते ते दानधर्मात घातले. अखेर हे कुटुंब रानात शिरले आणि झाडपाला व रानातली कडक खजुरी यांवर दिवस काढू लागले. अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण कुळाचा अभिमान सोडून मोलमजुरी करतो असे म्हणाला. तो विचार त्यांनी सोडला खरा. पण उपासाने खंगलेला तो देह फार दिवस टिकला नाही. वडील गेले, थोड्याच काळाने आई गेली, मागाहून थोरली बहीणही गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून कोवळ्या वयाच्या रमाबाईंना स्वतः ते ओझे वाहावे लागले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण हा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नव्हे. अनंतशास्त्री भोंदू नव्हते. त्यांना देव जसा समजला होता तसा ते त्याला मनापासून शोधत होते, आणि मरतेवेळी त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवले होते. मग त्यांना अन्न का मिळाले नाही? रमाबाईंना या प्रश्नाचे उत्तर पुढे ख्रिस्ती झाल्यावरही आयते मिळाले असे दिसत नाही. आम्हांलाही ते देता येत नाही. एवढे मात्र दिसते की, मुलीला देवाच्या हाती सोपवण्याचे ते मरणोन्मुख पित्याचे मागणे वाया गेले नाही. ते कसे पुरे झाले, हेच रमाबाईंचे पुढील चरित्र.

बहीणभाऊ दोघेच उरले. पायी चालत ते उत्तरेकडे निघाले आणि पंजाब, काश्मीरपर्यंत हजारो मैल फिरले. कधी मूठभर धान्य भिजवून मिठाशी खावे, कधी तेही नाही. पांघरायला काही नसे, म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ते थंडीच्या रात्री काढीत. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीचे संस्कृत ऐकले, तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. कालपर्यंत जिला कोणी दारात उभे करीत नव्हते तिच्या व्याख्यानांना सभागृहे भरू लागली. पण १८८० साली श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पती वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह त्या विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना केली, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले.

बाप्तिस्मा झाला तरी अंतःकरणाची शांती आपल्याला लाभली ती त्यानंतर आठएक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले. धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त मागाहून सापडला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्या काळात त्यांनी तीन पुस्तके वाचली : ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्यूलरची हकीगत, हडसन टेलर यांच्या चीनमधील मिशनची कथा, आणि जॉन पेटन यांचे चरित्र. म्यूलरने माणसांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलांना सांभाळले होते. आपल्या देशातही असे होईल काय, हा विचार रमाबाईंच्या मनात घर करून बसला.

बाहेर मात्र वादळ उठले होते. शारदा सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ साली पुण्यात मोठा गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. अमेरिकेचे वचनही दहा वर्षांचेच होते. ते १८९८ मध्ये संपणार होते. तेव्हा रमाबाईंनी जे केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या प्रार्थना करीत राहिल्या, आणि त्याबरोबरच पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्याची व्यवस्था केली. जमीन उघडी, माळरान. तेथे विहिरी खणाव्यात, फळझाडे लावावीत, आणि अमेरिकेची मदत थांबल्यावर फळांच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा त्यांचा हिशेब होता. देवावर भाव ठेवणारी ही बाई हिशेबातही पक्की होती.

१८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला होता. रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींसह तेथे गेल्या. पहाटे रानात एकट्या प्रार्थनेला बसल्या असताना, या पंधरांचे पंधरापट कर, असे मागणे त्यांच्या मनात आले. पंधरापट म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात एवढ्यांना जागा नव्हती, पैसा नव्हता, आणि विरोध तर ताजा होता. मागणे मागितले गेले. ते कोणत्या वाटेने पुरे व्हायचे हे मात्र त्यांना माहीत नव्हते. ती वाट दुष्काळाची होती.

त्याच वर्षी पाऊस गेला आणि मध्य प्रांतात व आसपास भीषण दुष्काळ पडला. पीक बुडाले की शेतकऱ्यापाठोपाठ मजुराचे काम जाते. काम गेले की मजुरी जाते. मग बाजारात धान्य असले तरी ते विकत घ्यायला गाठीला पैसा नसतो. अशा वेळी सर्वांत आधी घराबाहेर पडतात त्या विधवा आणि अनाथ मुली. रमाबाईंनी ही वार्ता ऐकली. त्यांच्यापुढे आपले आईबाप उभे राहिले, ते रान उभे राहिले. अमेरिकेहून येणारा पैसा उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी ठरलेला होता. दुष्काळातील वाटेल त्या जातीच्या मुलींवर तो खर्च करता येण्यासारखा नव्हता. तरीही त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या.

त्या वेळी हा दुष्काळ कोणाच्या पापाचे फळ, याची चर्चा करणारे सर्व धर्मांत पुष्कळ होते. रमाबाई देवाचा न्याय मानीत नव्हत्या असे नाही. पण त्या चर्चेत त्यांनी वेळ घालवला नाही. दुष्काळकेंद्रांत आणि गरिबांच्या निवाऱ्यांत त्या हिंडल्या. तेथे अन्नापेक्षा गर्दी जास्त होती, आणि अनाथ मुलींना फूस लावून वाईट मार्गाला नेणारी माणसे टपून बसलेली होती. हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी गोळा केल्या, आगगाडीत बसवल्या आणि घेऊन आल्या. अशा तीनशेहून अधिक मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. लोणावळ्याला मागितलेला आकडा मागे पडला.

पण आणून ठेवायचे कोठे? नेमकी त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आली होती, आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावची ती जमीन कामी आली. फळबागेसाठी घेतलेल्या माळावर राहुट्या आणि छपरे उभी राहिली. १८९८ च्या टंचाईसाठी रमाबाईंनी जी तजवीज केली होती ती देवाने १८९७ च्या दुष्काळासाठी वापरली. येथेच मुक्तिसदन उभे राहिले. आणलेल्यांपैकी कित्येक मुली वाचल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहाला मिळालेले अन्नही पचत नाही. रमाबाईंनी त्यांची सेवाशुश्रूषा केली, त्यांना मूठमाती दिली, आणि उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवली.

खर्च कसा भागला? कोणा एका धनिकाने तिजोरी उघडली असे झाले नाही. ठिकठिकाणच्या विश्वासणाऱ्यांकडून लहानमोठ्या रकमा येत गेल्या आणि दिवसाचा खर्च दिवसाला निघत गेला. उद्याची भाकर उद्या. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या. जुन्या मंडळाची मुदत पुरी झाली होती आणि त्याच्या जागी नवे मंडळ बनले.

त्या परत आल्या न आल्या तोच तिसरा दुष्काळ आला. १८९९-१९०० चा हा दुष्काळ गुजरात आणि राजस्थानात छप्पनियो या नावाने अजून ओळखला जातो, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. बडोद्याकडील आमच्या वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे नाव ऐकले असेल. पुन्हा सोबतीणी गुजरातेत गेल्या, पुन्हा मुलींचे जथे केडगावला आले. मुक्तीतील माणसांची संख्या दीड ते दोन हजारांच्या घरात गेली. आता एक नवी गोष्ट दिसली. तीन वर्षांपूर्वी सापळा होऊन आलेल्या मुली आता धडधाकट झाल्या होत्या, आणि नव्याने आलेल्या मुलींना न्हाऊमाखू घालणे, भरवणे, त्यांच्या उशाशी रात्री जागणे हे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले. पहिल्या दुष्काळातून एक मुलगी वाचली होती. तिने दुसऱ्यातून तीनशे वाचवल्या. त्या तीनशेंच्या हातांनी तिसऱ्यातल्या हजाराहून अधिक जगल्या.

त्या दिवसांत पाण्याचीही टंचाई होती. इतकी माणसे, शिवाय शंभराहून अधिक गुरे आणि चालू असलेले बांधकाम. विहिरी संध्याकाळपर्यंत उपसून कोरड्या पडत आणि सकाळी पाहावे तो पुन्हा पाझर साचलेला असे, अशी हकीगत मुक्तीच्या वृत्तांतात आहे. सारफथच्या मडक्यासारखेच हे आहे. रांजण काठोकाठ भरून ठेवलेला कधी नव्हता. पण तो रिताही राहिला नाही.

मुक्तीत कोणी फुकट बसून खात नव्हते. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलघाणी, भांड्यांना कल्हई, छापखाना, अशी कामे मुली शिकल्या. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले गेले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. १९०५ साली येथे झालेले संजीवन दूरवरच्या मंडळ्यांपर्यंत पोहोचले. पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथेही रमाबाईंनी शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी तिची जबाबदारी उचलली. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावे म्हणून रमाबाई इब्री व ग्रीक शिकल्या. १९०४-०५ च्या सुमारास हाती घेतलेले हे भाषांतर त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत चालवले, आणि त्याची छपाई मुक्तीच्याच मुलींनी केली.

शेवटची वर्षे सुखाची होती असे म्हणवत नाही. ऐकू येणे कमी झाले होते, शरीर थकले होते. जिच्या हाती सारे सोपवायचे ती एकुलती एक लेक, मनोरमा, २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. रमाबाईंनी पुन्हा भाषांतराचे कागद पुढे ओढले. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूपाशी गेल्या. छापलेले संपूर्ण शास्त्र लोकांच्या हाती पडले ते त्यांच्यामागून, १९२४ मध्ये. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.

प्रिय वाचकहो, या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? देवावर भाव ठेवला की दुःख टळते, असे रमाबाईंचे आयुष्य सांगत नाही. त्यांच्याइतकी माणसे फार थोड्यांनी गमावली असतील. आपल्याला का वाचवले आणि आईबापांना का नाही, याचा जाब त्या देवाला विचारत बसल्या नाहीत. आपण वाचलो ते ज्यांना अजून वाचवायचे आहे त्यांच्यासाठी, असे त्यांनी मानले, आणि मग देवाचा पुरवठा त्यांच्या दारापर्यंत येऊन थांबला नाही. तो त्यांच्या हातून पुढे गेला.

आमच्या मंडळ्यांतही टंचाईचे दिवस येतात. कोठे पाऊस जातो, कोठे गिरणी बंद पडते, कोठे कर्त्या माणसाची नोकरी सुटते, कोठे आजारपणात होते नव्हते ते संपते. अशा घरी जाऊन हे कोणत्या पापाचे फळ याचा शोध घेणे सोपे आहे, आणि देव पुरवील असे सांगून निघून येणे त्याहूनही सोपे. पण करीथचा ओहोळ आटला तेव्हा देवाने एलीयाला एका गरीब बाईच्या मूठभर पिठाकडे पाठवले होते. आमच्या घरचे मडके उघडून पाहू या. त्यात पीठ थोडे असेल. तेवढ्यातून आधी एक भाकरी शेजाऱ्यासाठी थापण्याचे धैर्य प्रभू आम्हां सर्वांना देवो.